सुटून आलेल्या माणसाला जागा, कागद आणि काम : खानदेशातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

जेलमधून कुणी सुटून येणार असं कळलं की मदत करू पाहणारी माणसं बहुधा एकच गोष्ट विचारतात, "त्याला कामाला कुठे लावू या?" कामाचं नंतर बघू. तो पहिल्या रात्री कुठे झोपणार आणि कागदावर पत्ता कुठला लिहिणार, हे आधी ठरवा. जामिनाच्या कागदावर पत्ता लागतो. पोलीस ठाण्यातल्या हजेरीला, रेशनकार्डाला, बँकेला आणि दवाखान्याच्या केसपेपरलाही तो लागतो. कोर्टाचं समन्स त्याच पत्त्यावर येतं. पत्ता डळमळीत असला की समन्स हाती पडत नाही, तारीख चुकते, वॉरंट निघतं, आणि नवा गुन्हा न करताही माणूस पुन्हा आत जातो. हे इतक्या वेळा डोळ्यांदेखत झालंय की मी आता प्रत्येक वेळी सुरुवात घरापासूनच करते.

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये हे काम नव्याने हाती घेणारे बचतगट, भजनी मंडळं, निवृत्त शिक्षक, तरुण वकील, आणि ज्यांचा स्वतःचा भाऊ, नवरा, लेक आत आहे अशी घरं, या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिली पायरी : कच्चा कैदी की पक्का, ते विचारा

जिल्हा कारागृहात बहुतेक कच्चे कैदी असतात, म्हणजे त्यांचा खटला अजून चालू असतो. शिक्षा लागली की तो पक्का कैदी. मोठी शिक्षा लागली की आपल्याकडची माणसं बहुधा नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात जातात. माणूस कुठून आणि कोणत्या वाटेने बाहेर येतोय, यावर तुमचं निम्मं काम ठरतं. जामिनावर सुटलेल्याच्या मागे तारखा आणि अटी असतात. शिक्षा भोगून आलेल्याची तारखांतून सुटका झालेली असते, पण त्याच्या ओळखीचं जग मागे पडलेलं असतं. चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड बघून तो बावरतो. निर्दोष सुटलेल्याला वाटतं, आता सगळं मिटलं. त्याला निकालाची प्रमाणित नक्कल लगेच काढून द्या आणि दोन झेरॉक्स घरात ठेवायला सांगा. पुढे नोकरीच्या पडताळणीत तोच कागद उपयोगी पडतो. संचित किंवा अभिवचन रजेवर (फर्लो किंवा पॅरोलवर), म्हणजे शिक्षा चालू असताना थोड्या दिवसांसाठी घरी आलेल्याच्या बाबतीत परत हजर व्हायची तारीख घरातल्या प्रत्येकाला पाठ असली पाहिजे.

"काय केलंस?" असं पहिल्या भेटीत विचारू नका. पण जामिनाचा आदेश किंवा निकाल वकिलाकडून मिळवून स्वतः वाचा. 'फिर्यादीच्या गावात जायचं नाही', 'दर सोमवारी हजेरी', 'परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही' अशा अटी त्यात असतात. अट न वाचता मदतीला धावलात, तर तुम्हीच त्याला जिथे जायला मनाई आहे त्या दारात नेऊन सोडाल. त्याच्यावर तडीपारीचा आदेश आहे का, हेही विचारा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत माणसाला हद्दपार करता येतं. तसा आदेश असेल तर स्वतःचं घर असूनही त्याला तिथे राहता येत नाही.

दुसरी पायरी : जामीन झाला आणि माणूस आतच आहे

हे फार घडतं. कोर्टाने जामीन दिलेला असतो, पण जामीनदार मिळत नाही. सातबारा चार भावांच्या नावे सामाईक असतो, तहसीलमधून ऐपतीचा दाखला काढायला हेलपाटे घालावे लागतात, आणि धडगावकडच्या पाड्यावरून कोर्टापर्यंत यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या दलालाकडे जाऊ नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या कुणालाही, तसंच स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

वकिलाशी बोलताना तीन गोष्टी तुम्हाला माहीत असू द्या. जामीन मंजूर होऊन महिन्याभरात जामीनदार उभा राहिला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेले आहेत. पैशाअभावी आत अडकलेल्यांसाठी केंद्राची २०२३ पासूनची योजना आहे. ती आली तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि पक्क्या कैद्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरली होती. काही गंभीर कायद्यांतले गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर तो जामिनाला पात्र ठरतो. इतरांसाठी हा काळ निम्मा आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरी अडतं.

वकील, जामीन, येणं-जाणं यांसाठी घरच्यांनी जमीन सावकाराकडे गहाण टाकली असेल तर तेही याच वेळी विचारून घ्या. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याविरुद्ध जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते, आणि २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात बळकावलेली जमीन परत मिळवायची तरतूद आहे.

तिसरी पायरी : सुटकेआधीच घर गाठा

सुटकेची चाहूल लागताच दोन भेटी करा. एक जेलमधली मुलाखत. ती नातेवाइकामार्फत, वकिलामार्फत किंवा अधीक्षकांना अर्ज देऊन होते. दुसरी त्याच्या घरची, आणि ही जास्त महत्त्वाची. घरी गेल्यावर ओट्यावर बसलेल्या पुरुषांशी बोलून परत फिरू नका. बायकोशी किंवा आईशी वेगळं, चुलीजवळ बसून बोला. त्याच्यामागे कापूस वेचून, जिनिंगमध्ये राबून, पोरांची शाळा चालू ठेवून तिने घर सांभाळलेलं असतं. त्या घरात आता त्याला परत घ्यायचं आहे, तेव्हा पहिला होकार तिचा.

तिला मोकळेपणी विचारा. तो कुठे झोपेल? पैसे कुणाच्या हातात राहतील? प्यायला तर काय करायचं? पूर्वी हात उचलायचा का? तिने "नको" म्हटलं तर तो नकार पक्का समजा. "मायबाई, आता सुटून येतोय, सांभाळून घे" म्हणून तिला भरीला पाडू नका. गुन्हा तिच्यावरच्या मारहाणीचा असेल किंवा घरातल्या लेकराबाबतचा असेल, तर त्या घराचा विचारही करू नका, सगळी भावकी हात जोडून उभी राहिली तरी. त्याच्यासाठी दुसरी जागा शोधायची, आणि तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक व जिल्ह्यातलं 'सखी' हे पीडित स्त्रियांसाठीचं मदत केंद्र माहीत करून द्यायचं.

मुलांनाही तयार करा. बाप मुंबईला कामाला गेलाय असं त्यांना सांगितलेलं असतं. खरं काय ते त्यांच्या वयाला झेपेल असं आईनेच सांगावं, शाळेतल्या पोरांकडून कळायच्या आत.

चौथी पायरी : फाटकावर कुणीतरी हवं

सुटकेचा आदेश जेलमध्ये पोचून कागद पुरे होईपर्यंत बहुधा संध्याकाळ होते. नाशिकरोडहून सुटलेल्या माणसाला अक्कलकुवा किंवा धडगाव गाठायचं असेल तर त्या वेळी सरळ गाडी मिळत नाही, आणि रात्र स्टेशनवर काढावी लागते. जुनी संगत नेमकी तिथेच भेटते. म्हणून घरचं एक माणूस आणि तुमच्यातलं एक माणूस फाटकावर जा. रात्रीची सोय नाशिकमध्येच करा, किंवा चाळीसगाव, जळगावकडे जाणारी गाडी आधी बघून ठेवा. हार नको, फोटो नको, व्हॉट्सअॅपवर टाकणं तर मुळीच नको.

निघण्याआधी चार गोष्टी तपासा : सुटकेचा दाखला, जमा केलेलं सामान, त्याच्या खात्यावरचे आणि कामाच्या मजुरीचे पैसे, आणि औषधोपचाराचे कागद. आत शिवणकाम, सुतारकाम शिकला असेल किंवा मुक्त विद्यापीठाची परीक्षा दिली असेल तर ती प्रमाणपत्रंही मागा.

पाचवी पायरी : जागा

स्वतःच्या घरी सगळ्यांची तयारी असेल तर उत्तमच. तरी पहिले काही आठवडे जड जातात. आत संध्याकाळीच बराकीला कुलूप लागतं, त्यामुळे कातरवेळी त्याची घालमेल होते. पहाटे गिनतीच्या, म्हणजे आत कैदी मोजायच्या वेळी तो उठून बसतो. दिवा बंद केला की झोप लागत नाही. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे त्यांना वाटणार नाही की हा आपल्यावर रागावलाय.

घर नसेल, किंवा फिर्यादीचं घर त्याच गल्लीत असेल, तर मामाचं किंवा बहिणीचं गाव बघा. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी येते. ही रीत उलटी करून भावाला काही महिने बहिणीकडे ठेवायला मन कचरतं, पण मेहुण्याशी नीट बोललं तर पुष्कळदा जमतं. त्याचा खर्च बहिणीच्या संसारावर पडू देऊ नका. महिन्याचं धान्य तुमच्या गटाकडून आधी जाऊ द्या, मग माणूस. जामिनावर असेल तर पत्ता बदलल्याचा अर्ज वकिलामार्फत कोर्टात आणि एक प्रत पोलीस ठाण्यात द्यायचीच.

भाड्याची खोली घेताना घरमालकापासून लपवू नका. हे माझं ठाम मत आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात जाते, तिथून कळलंच तर रातोरात सामान रस्त्यावर येतं. गावात ज्याच्या शब्दाला मान आहे अशा आप्पा-नानांना सोबत घेऊन मालकाला भेटा. भाडं गट थेट मालकाला देईल असं सांगा, आणि अकरा महिन्यांचा करार लेखी करा. गटाने पहिल्या महिन्यांचं पूर्ण भाडं भरावं, मग निम्मं, मग थांबावं. हे त्या माणसालाही सुरुवातीलाच ठाऊक हवं. खोली बघताना दारूचा गुत्ता, पत्त्यांचा अड्डा आणि जुने साथीदार किती अंतरावर आहेत ते बघा. पोलीस ठाण्यात हजेरी असेल तर पायी जाता येईल अशी खोली बरी.

काहीच नसेल तर महापालिका किंवा नगरपालिकेच्या शहरी बेघर निवारा केंद्रात सोय होते का, ते आधी स्वतः जाऊन बघा. केंद्र चालू आहे का, रात्री किती वाजता दार लागतं, सामान ठेवायला कुलपाची पेटी आहे का, हे विचारा. ही जागा थोड्या दिवसांची. तिथे ठेवून विसरलात तर माणूस हातचा जातो.

बाईचं सुटून येणं याहून कठीण आहे. पुरुष सुटून आला की घर त्याला ओरडतं तरी. बाईला बऱ्याचदा दारच उघडत नाही, सासरचंही नाही आणि माहेरचंही. अशा निराधार स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या 'शक्ती सदन' योजनेत निवारा आहे. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारणा करा, तीही सुटकेआधी. तिचं मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तिच्यासोबत आत राहू शकतं. त्याहून मोठं मूल बालगृहात असेल तर ते परत मिळवायला बालकल्याण समितीपुढे अर्ज करावा लागतो, आणि तिथे पुन्हा पहिला प्रश्न येतो : राहायला कुठे आहेस?

कायमचं घर हा लांबचा पल्ला आहे, पण अर्ज आत्ताच करा. पंतप्रधान आवास, आदिवासींसाठी शबरी, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा घरकुल योजना आहेत. यादीत नाव आहे का ते ग्रामसेवकाकडे बघा. "तो जेलमध्ये होता, त्याला कशाला घरकुल" असं कुणी तोंडी म्हटलं तर नकार लेखी मागा.

सहावी पायरी : कागद

क्रम चुकवू नका, नाहीतर हेलपाटे वाढतात. सगळ्यात आधी मोबाइल. जुनं सिमकार्ड बंद पडलेलं असतं, आधारला तोच नंबर जोडलेला असतो, आणि ओटीपी येत नाही म्हणून पुढचं काहीच हलत नाही. नवं सिम घेऊन आधार केंद्रात नंबर बदला. मग बँक. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. शाखेत केवायसी देऊन ते चालू करता येतं. मग रेशनकार्ड. नाव कमी झालेलं असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या आणि दुकानावर ई-केवायसी करून घ्या. जातीचा दाखला, रोजगार हमीचं जॉबकार्ड त्यानंतर.

मतदार यादीही बघा. जेलमध्ये असताना मत देता येत नाही, पण सुटल्यावर तो हक्क पुन्हा वापरता येतो. नाव गळालं असेल तर नमुना ६ भरा. गावकीत माणूस म्हणून उभं राहायला याचा किती उपयोग होतो, हे निवडणुकीच्या दिवशी दिसतं.

अटकेच्या वेळी जप्त झालेली मोटारसायकल, फोन, कागद पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून पडून असतात. ते सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, परत मिळण्यासाठी वकिलाला कोर्टात अर्ज करायला सांगा. गाडी परत आली की दूध घालणं, भाजी विकणं असा धंदा लगेच सुरू होऊ शकतो.

घरात लहान मुलं असतील आणि आई किंवा बाप अजून आत असेल, तर बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करा. याच कार्यालयाच्या अखत्यारीत परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) असतात. सुटून आलेल्या बंद्याला धंदा उभारायला अनुदान देण्याची योजनाही याच विभागाची आहे. त्यासाठी सुटकेचा दाखला लागतो, म्हणून तो जपून ठेवा.

सातवी पायरी : औषधं

आत टीबीचं औषध चालू असेल तर एक दिवसही खंड नको. सुटल्या आठवड्यातच जवळच्या सरकारी दवाखान्यात नाव वर्ग करून घ्या. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये बँकखात्यात येतात. एचआयव्ही, आकडी (फिट), मानसिक आजार यांच्या गोळ्यांचंही तसंच. सातपुड्यातल्या माणसाची सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालेली आहे का, विचारा. मन फार खचलेलं दिसलं तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे.

आठवी पायरी : काम

आता काम. जिथे चारित्र्य पडताळणी लागते, तिथे पोलीस केस लपवू नये. विचारलं तर खरं लिहावं, कारण माहिती लपवली हेच पुढे काढून टाकायचं कारण होतं. परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे १९५८ च्या कायद्याने, चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलेल्याला त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. त्या परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ ची प्रत त्याच्या फायलीत लावा.

ओळखीवर मिळणारं काम आपल्याकडे आहे : रावेर-यावलला केळीची कापणी आणि ट्रक भरणं, जळगावात दाळमिल, नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथाऱ्या, हंगामात जिनिंग. मालकाला किंवा मुकादमाला दोन गोष्टी आधी सांगा : तारखेच्या दिवशी सुट्टी लागेल, आणि मजुरी आठवड्याला हवी, उचल नको. उचल घेतली की माणूस बांधला जातो.

नंदुरबारकडच्या कार्यकर्त्यांनी एक धोका विशेष लक्षात ठेवावा. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे ऊसतोडीला गुजरातेत जातात. जामिनावरचा माणूसही बायको-पोरांसोबत कोयता घेऊन निघतो, कारण मागे राहून खाणार काय? जिल्हा सोडायचा नाही ही अट मोडली जाते आणि मधल्या तारखाही चुकतात. तेव्हा दसऱ्याच्या आसपासच वकिलामार्फत परवानगीचा अर्ज करा, किंवा त्या हंगामापुरतं जवळपास काम लावून द्या. तारखांची वही तुमच्याकडेही असू द्या आणि आदल्या दिवशी फोन करा. या एका फोनने जेवढी माणसं बाहेर राहतात, तेवढी दुसऱ्या कशाने राहत नाहीत असं माझं मत झालंय.

नववी पायरी : गाव आणि भाऊबंद

गावात आणण्याआधी पोलीस पाटील आणि सरपंचांना भेटा. फिर्यादीच्या घरी त्याला माफी मागायला घेऊन जाऊ नका. कोर्टाची अट मोडेलच, शिवाय त्या घराची जखम उघडी पडेल. त्यांच्या घरात माणूस गेलेलं असतं, नाहीतर लेकीची अब्रू गेलेली असते. त्यांना काही मदत मिळाली नसेल तर त्याच विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता त्यांनाही दाखवा. हे काम करणाऱ्याने त्या घराकडे पाठ फिरवू नये.

जात पंचायतीने दंड मागितला, वाळीत टाकलं, तर महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. पारधी बांधवांच्या बाबतीत दुसराच त्रास असतो : आसपास चोरी झाली की आधी त्यांच्या वस्तीवर संशय. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ ला रद्द झाला, पण नजर तीच राहिली. अशा घरी तुमच्यातल्या वकिलाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

भावकी हळूहळू वळते, आणि त्याला निमित्त लागतं. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हा रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणासाठी, घरच्या माणसांच्या नावाने गहू मोजले जातात. त्याच्या नावाचे गहू मोजायला सांगा. थोरल्या वहिनीला आधी विश्वासात घ्या, ती बोलली की बाकीचे ऐकतात. "ये भो, बठ" (ये भाऊ, बस) एवढं भावकीतल्या एका म्हाताऱ्याने म्हटलं तरी बाकीच्यांची तोंडं बंद होतात. आणि भजनी मंडळात कुणी कुरकुरलं, तर १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीता सांगत, आणि साने गुरुजी ती लिहून घेत, याची आठवण करून द्या. ऐकणाऱ्यांत बंदीच होते.

पुन्हा पकडला गेला तर

असं होतं, आणि काही वेळा चूक त्याचीच असते. तरी गटाने अंग काढून घेऊ नये. अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं. त्या वेळी कोर्टात तुमच्यातलं कुणीतरी हजर असू द्या आणि विधी सेवेच्या वकिलाला आदल्या रात्रीच कळवा. नुसतं तारीख चुकल्याचं वॉरंट असेल तर त्याला स्वतःहून वकिलासोबत कोर्टात हजर करा. वॉरंट रद्द करून घ्यायचा अर्ज करता येतो, आणि पोलिसांनी धरून नेण्यापेक्षा हे केव्हाही बरं. खोलीचं भाडं त्या महिन्यापुरतं चालू ठेवा, सामान हलवू नका, आणि घरी जाऊन त्याच्या बायकोला काय झालंय ते त्याच दिवशी सांगा.